फळीवरची थाप

टेम्पो उलटा मागं येत होता आणि मांजर चाकाच्या वाटेत बसून पंजा चाटत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. निलम्मा ओसरीवरून ओरडली, घरच्या दालमिलवरचे हमाल ओरडले. मांजरीनं मान वर केली नाही. शेवटी म्हैस बघायला आलेला ढोरांचा डॉक्टर धावला आणि त्यानं तिला मानगुटीला धरून उचललं, तेव्हा चाक वीतभर लांब होतं.

“माज हाय तिला,” निलम्मा म्हणाली. “इराणची न्हवं का!”

मांजर तिच्या लेकानं, श्रीशैलनं, हैदराबादहून आणली होती. पांढरीशुभ्र, चपट्या नाकाची, निळ्याभोर डोळ्यांची. पर्शियन. विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं, हिचे पूर्वज इराणातून काफिल्यांबरोबर आले. ही ओरडत नाही, ओरखडत नाही, ठेवाल तिथं बसते. बिदरचा मदरसा ज्यांनी बांधला त्यांच्या मुलखातली आहे म्हणे.

“मग आदब कामून शिकली न्हाई?” निलम्मानं तेव्हाच विचारलं होतं.

रोज फणीनं विंचरून घेणारी, डोळे पुसून घेणारी मांजर चिटगुप्पा गावात कुणी पाहिली नव्हती. तुरीच्या पोत्यांवर उंदीर खेळत आणि ही पाहुणीसारखी बघत राही. निलम्मानं तिला कधीच हाकललं असतं. पण ती सुधासाठी आणली होती.

सुधा ही नात. तिसरं सरत आलं तरी एक शब्द बोलत नव्हती. घरात जनावर असलं की लेकरू बोलू लागतं, असं कुणीतरी श्रीशैलच्या डोक्यात भरवलं होतं. निलम्माला मात्र कारण आधीच सापडलं होतं. सून भुवनेश्वरी कडगंचीकडची, माहेर निव्वळ कानडी. आई कानडीत बोलते, घर मराठीत बोलतं, मधल्या मध्ये पोरीची जीभ अडकली. तशी या घरात दोन्ही भाषा कायमच नांदत होत्या. निलम्मा स्वतः बाजारात मराठी बोलायची आणि मठात कानडी. पण नातीचा प्रश्न आला तेव्हा तिनं हुकूम सोडला.

“पोरीसंगं कानडी बंद. एक अक्षर न्हाई.”

भुवनेश्वरीला मराठी समजायची, पण जिभेवर चढायची नाही. म्हणून ती पोरीशी बोलेनाशीच झाली. माहेरचा जोगुळ, कानडी पाळणा, तिनं गिळून टाकला. पोरीला मांडीवर घेऊन ती नुसती डोलत बसायची. निलम्मा ते बघायची आणि मनाशी म्हणायची, शिकंल आता मराठी.

डॉक्टरनं मांजर टेम्पोच्या फळीवर ठेवली. तिच्या पाठीमागं उभं राहून टाळी वाजवली. हमालाच्या हातातला पत्र्याचा डबा घेऊन बडवला. मांजर पंजाच चाटत होती. मग त्यानं दोन बोटांनी फळीवर टकटक केलं. मांजर गर्रकन वळली.

“माज न्हाई, अक्का. बहिरी हाय ही. उपजतच.”

“खुळ्यावानी बोलू नको. मी सैपाकघरातून निघाले की लगेच वळून बघती ती.”

“तुमची पावलंच तशी हायत, जमीन हादरती. ते तिला अंगानं कळतंय, कानानं न्हाई. पांढरं अंग अन् निळे डोळे असले की या मांजरांत लई येळा असंच असतंय. त्यात जात गरीब, कशाची तक्रार करत न्हाई. म्हणून घरच्यांना पत्ताच लागत न्हाई.”

पावलांच्या गोष्टीवर हमाल हसले. निलम्माची नजर दालमिलच्या भिंतीकडं गेली.

दालमिल धडधडत असायची आणि तिची नात भिंतीपलीकडं गाढ झोपायची. ‘व्यापाऱ्याचं लेकरू हाय, आवाजाला भीत न्हाई,’ असं ती आल्यागेल्याला मोठ्या तोऱ्यात सांगायची.

ती वळली आणि पावलं न वाजवता घरात शिरली.

सुधा लाकडी दिवाणावर पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती.

“सुधव्वा,” निलम्मानं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग घरात जिची बंदी होती त्या भाषेत मारली, “बारवा, सुधव्वा!” पितळी तांब्यावर पळी बडवली. सैपाकघरातून भुवनेश्वरी दचकून दारात आली. पोरीचा चिंचोक्यावरचा हात थांबला नाही.

निलम्मानं दिवाणाच्या फळीवर दोन बोटांनी टकटक केलं.

सुधा वळली आणि आज्जीकडं बघून हसली.

दारातल्या सुनेनं पदर तोंडात धरला. निलम्मा दिवाणाच्या कडेला टेकली. माफीचा शब्द तिच्या तोंडी कधी बसला नव्हता, आजही बसला नाही. तिनं बाहेर मिलवर असलेल्या लेकाला आवाज दिला, “श्रीशैल, सकाळी कलबुर्गीला जायचं. पोरीला कानाच्या डॉक्टरला दावायचं. गाडी बघून ठेव.” मग सुनेला समोर बसवलं. नातीचा तळहात धरला आणि सुनेच्या गळ्यावर, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याच्या जरा वर, टेकवला.

“म्हण,” ती हुकमाच्याच आवाजात म्हणाली. “तुझा जोगुळ म्हण.”

“अत्ती, तिला ऐकू येत न्हाई,” सून कानडीतच म्हणाली.

“कळलंय मला. म्हण.”

भुवनेश्वरीनं तोंड उघडलं. आधी हुंदका आला, मग सूर आला. सुधाचे डोळे मोठे झाले. तिनं आपला दुसरा हातही आईच्या गळ्यावर ठेवला आणि श्वास रोखून बसली. ओळ संपली, सूर थांबला.

तेव्हा तिनं दोन बोटांनी आईच्या गळ्यावर टकटक केलं.