चिऱ्याचं भाडं

मुंबईची बोट चुकल्यामुळे दाजीमामा आणि मी मालवणात एका लॉजवर राहिलो. सकाळी मालकाने हिशेब मांडला: खोलीचे दोन रुपये, कंदिलाचे चार आणे, उशीचे दोन आणि खाटेच्या मोडक्या पायाखाली लावलेल्या चिऱ्याचेही दोन! मी भांडायला उठलो. मामा मात्र हसले. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी तो चिरा उचलून अंगणात मांडला, त्यावर जास्वंद वाहिली आणि हात जोडून खडा आवाज लावला, “बा देवा म्हाराजा, ह्या मालकान मोडकी खाट दिल्यान!” “व्हय म्हाराजा!” गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या देवळातल्या सवयीने बाकीचे उतारू ओरडले. “वर चिऱ्याचा भाडा मागल्यान!” “व्हय म्हाराजा!” चुलीकडून मालकीणही बोलली. “तेका बरी बुद्धी दी नि जादाचे पैशे सोडूक लाव रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” यावेळी सगळ्यांत मोठा आवाज डोळे मिटलेल्या मालकाचा होता.