गोमतीचं शेवटचं प्रकरण

"आलं का प्रकरण?" मारोतरावानं खाटेवरून विचारलं.

नेमीचंदनं नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्यांदा.

अनसिंगच्या त्या घरात मारोतराव दीड महिन्यापासून अंथरुणाला खिळला होता. छातीचं दुखणं. आता औषधापेक्षा जवळचं माणूस समोर असलेलं बरं, असं डॉक्टरांनी नेमीचंदला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून नेमीचंद वाशीमचं कापडाचं दुकान भावाच्या गळ्यात टाकायचा आणि दिवसाआड इथं येऊन बसायचा.

दोघं शाळेत एका बाकावरचे. एक शेतीत गेला, एक दुकानात, पण वाचनाचं खूळ कोणाचंच सुटलं नाही. बाजाराच्या दिवशी मारोतराव आधी नेमीचंदच्या गादीवर टेकायचा. "काय वाचलं?" हाच त्यांचा रामराम. मग पुस्तकांची अदलाबदल, आणि हे वाच, ते हातात धरू नको, यावरून कडाक्याचं भांडण. गिऱ्हाईक बिचारं लुगडं धरून ताटकळत राही.

गेली दोन वर्षं ते भांडण एकाच कादंबरीवरून चाले. नागपूरच्या एका मासिकात ती दर महिन्याला प्रकरणाप्रकरणानं येई. लेखकानं टोपणनाव घेतलेलं. नेमीचंदचा तिच्यावर जीव, आणि मारोतराव नाक मुरडणार.

"कायची कादंबरी रे? रडूनच राह्यली ते बाई. तुले त्यातलं काय आवडलं, सांग बरं."

नेमीचंद तावातावानं पानन् पान सांगे. मारोतराव सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "हॅ."

त्या कादंबरीतल्या गोमतीचा भाऊ दुष्काळात मोगलाईत, निजामाच्या मुलखात, गेला होता, आणि ती पैनगंगेच्या काठी त्याची वाट पाहत होती. शेवटच्या आलेल्या प्रकरणात पलीकडच्या काठावर एक माणूस नावेत बसला. तो भाऊ की आणखी कुणी, ते पुढच्या अंकात कळायचं होतं. पुढचे दोन अंक आले, पण पानं निम्मी आणि कादंबरी गायब. महायुद्धापायी कागद मिळत नसेल, असं नेमीचंद धरून चालला.

"नेमी," मारोतराव म्हणाला, "तो शेवट समजल्याबिगर माहा जीव जात नाही पाय."

"तू तं तिले नावं ठेवत होता."

"ठेवत होतो. तरी शेवट पाह्यजे मले. तू आण कुठून बी."

नेमीचंद बाहेर ओसरीवर येऊन रडला. मित्र वाचणार नाही, हे त्यानं मनाशी कबूल केलं होतं. पण असा अर्धवट सोडून जाणार, हे त्याला सोसवेना.

दोन दिवसांनी तो एक जुना अंक कागदात गुंडाळून घेऊन आला.

"आलं," तो म्हणाला.

मारोतराव त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. "वाच मंग."

दाराआडून सोजरबाई, मारोतरावाची बायको, म्हणाली, "भाऊजी, जरा दमानं वाचजा. मलेबी आयकाचं हाये." मारोतरावानं लग्नानंतर तिला लिहायला-वाचायला शिकवलं होतं, त्यामुळे गोडी तिलाही होती.

नेमीचंदनं अंक तोंडासमोर धरला आणि रात्रभर मनात जुळवलेलं बोलू लागला. नाव काठाला लागते. माणूस भाऊ नसतो. भाऊ मोगलाईतच वारलेला, आणि हा त्याचं घोंगडं घेऊन आलेला. सांगायला त्याची जीभ उचलत नाही. गोमतीनं लांबूनच ओळखलेलं असतं. तरी ती पुढं होते, घोंगडं हातात घेते आणि म्हणते, "दादा, दिवस बुडायच्या आत दोन घास खाऊन घे."

मारोतरावानं डोळे उघडले.

"दिवस बुडायच्या आत? कुणब्याची पोर हाये ते. तिच्या घरी चूलच दिवस बुडाल्यावर पेटते."

नेमीचंदनं अंक आणखी वर धरला. त्याच्या जैनाच्या घरात उन्हं कलली की ताटं मांडली जात, बहीण अंगुरीबाई त्याला रोज हेच म्हणायची. घरचं बोलणं नकळत तोंडून गेलं होतं.

"असंच छापलं हाये," तो कसाबसा म्हणाला.

मारोतरावानं पुन्हा डोळे मिटले. डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळलं, पण त्यानं पुसलं नाही.

"छापलं हाये तं राहू दे," तो म्हणाला. "मले वाटे, भाऊच येईन. पुन्हा वाच, नेमी. पह्यलेपासून, दमानं."

नेमीचंदनं आठवून आठवून पुन्हा सगळं म्हटलं. पाचव्या दिवशी मारोतराव गेला.

दोन महिने नेमीचंदला घास गोड लागला नाही. दुकानात कोणी "काय वाचलं?" विचारणारं उरलं नव्हतं. त्याहून मोठी बोच वेगळीच होती. मरणाऱ्या मित्रानं एकच गोष्ट मागितली, आणि आपण ती खोटी दिली. खरा शेवट कुठंतरी लिहिलेला असेल, आणि तो मारोतरावाला कधीच कळला नाही.

मग टपालानं मासिकाचा अंक आला. मुखपृष्ठावरच लिहिलं होतं, कादंबरीचं अखेरचं प्रकरण. दिवसभर त्यानं तो उशाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गादीवर बसून, मित्राची मनातल्या मनात माफी मागून, त्यानं पान उघडलं.

वर चौकटीत संपादकांनी छापलं होतं: 'या कादंबरीचे लेखक दोन महिन्यांपूर्वी अनसिंग मुक्कामी निवर्तले, हे कळविण्यास दुःख होते. हे प्रकरण त्यांनी अंथरुणावरून सांगितले व त्यांच्या पत्नीने लिहून घेतले.'

नेमीचंदनं पानं उलटली आणि शेवटची ओळ वाचली: "दादा, दिवस बुडायच्या आत दोन घास खाऊन घे."