कासवआजी घाबरत नाही

“हेडफोन आज माझ्याकडे राहू देत,” म्हणत पूर्वानं ते शालनताईंच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतले.

शालनताई खुर्चीत टेकल्या. खडकीहून दोन बस बदलून अकराच्या ठोक्याला हडपसरला पोचायचं, दोन जिने चढायचे, आणि कुणी घोटभर पाणी न विचारता सरळ माईकसमोर बसवायचं, ही पद्धत नवी होती. एरवी पूर्वा आधी चहा मागवायची.

“कागद कुठंय माझा?”

“कागद नाही. मी चिठ्ठ्या लिहून देते. तुम्ही कासवआजीच्या आवाजात म्हणायच्या. सावकाश. पुन्हा घेता येणार नाही.”

“आणि चुकले तर?”

“चुकायचं नाही, ताई. आज हे एक पान बिघडलं तर पुढचं काही राहणार नाही.”

शालनताई समजायचं ते समजल्या. आवाजाचं काम बघणारा सौरभ गेल्याच आठवड्यात बोलून गेला होता, पुढच्या पुस्तकापासून मशीनच बोलेल म्हणून. म्हणजे ही परीक्षा होती. वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

कासवआजी मुळात त्यांचीच. खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समधल्या बालवाडीत त्यांनी पुठ्ठ्याचं कासव केलं होतं. दोरा ओढला की मान बाहेर यायची, आणि चाळीस पोरं श्वास रोखून त्या दोऱ्याकडे बघत बसायची. पूर्वानं तेच कासव पडद्यावरच्या बोलत्या पुस्तकात आणलं. आता दोऱ्याऐवजी मुलाचं बोट. पुस्तक मुलाला नावानं हाक मारायचं आणि शालनताई बोलतील तसं कासवाचं तोंड त्याच क्षणी हलायचं. प्रत्येक पान आधी पूर्वाच्या चार वर्षांच्या लेकीच्या टॅबवर जायचं. तिनं दोनदा बोट लावलं तरच ते पुढे सरकायचं. “ती माझी साहेबीण,” पूर्वा हसून म्हणायची; लेकीचं खरं नाव शालनताईंनी कधी ऐकलं नव्हतं.

आज ती हसत नव्हती. तिनं पहिली चिठ्ठी पुढे केली.

“अवनी, मी कासवआजी आलेय,” शालनताईंनी आवाज लावला. मागच्या वेळी नमुन्याचं नाव विक्रम होतं, आज अवनी. “रडायचं नाही हं. आपण एक खेळ खेळू.”

पूर्वानं तळहात उंचावून त्यांना थांबवलं. मान खाली घालून ती काहीतरी ऐकत राहिली. मग दुसरी चिठ्ठी.

“आजोबांना झोपू दे. त्यांना हलवू नको.”

तिसरी. अक्षर वेडंवाकडं झालं होतं.

“स्वयंपाकघरात जायचं नाही. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. मला उचल आणि दाराशी घेऊन चल.”

सुरक्षेचे धडे दिसतायत, शालनताईंनी मनाशी म्हटलं. चांगलं आहे. पण गोष्टीला ना शेंडा ना बुडखा.

कोपऱ्यात सौरभ पाठमोरा उभा राहून दबक्या आवाजात फोनवर बोलत होता. “अजून वीस मिनिटं? अहो, एवढा वेळ नाहीये आमच्याकडे!”

कामाची घाई, दुसरं काय. चौथी चिठ्ठी आली. शालनताईंनी ती वाचली आणि टेबलावर ठेवून दिली.

“हे मी म्हणणार नाही.”

सौरभनं झडप घालून माईक बंद करायचं बटण दाबलं.

“ताई, वाचा ना,” पूर्वा म्हणाली.

“स्टूल ओढ, चढ, वरची कडी काढ? चार वर्षांच्या पोरांना? एकीकडे बटणाला हात लावू नको, दुसरीकडे स्टुलावर चढ. हा कुठला धडा?”

“ताई, आत्ता वाद नको.”

“अगं, त्र्याऐंशी साली माझ्या वर्गातली मैना स्टुलावरून पडली. हनुवटीला तीन टाके. तिला चढ म्हणून मीच सांगितलं होतं, फळ्यावर टांगलेलं चित्र उतरवायला. अजून तो आवाज कानात आहे. तुमच्या मशीनला सांगा म्हणायला. त्याच्या हातून कुणी पडलेलं नाही.”

“मशीनचं पोरं ऐकत नाहीत.” पूर्वाचे ओठ पांढरे पडले होते. तिनं वाकून चक्क त्यांच्या पायांना हात लावला. “तुमचं ऐकतात. म्हणा ना. एकदाच.”

एका पानासाठी कुणी पाया पडतं का? शालनताईंना राग आला, मग कीवही आली.

“म्हणते. पण माझ्या पद्धतीनं. मधे बोलायचं नाही.”

सौरभनं बटण सोडलं.

“अवनी, आता ऐक. दाराशेजारची भिंत आहे ना, तिला स्टूल चिकटव. दारासमोर नको. चिकटलं? शाब्बास. एक हात भिंतीवर. आधी गुडघा. मग एक पाय. मग दुसरा. कासवआजी कधी घाई करत नाही, कासवआजी घाबरतही नाही. आता वर बघ. खाली नाही, वर. कडी धर आणि ओढ.”

पडद्यावरच्या कासवानं तोंड मिटलं. पूर्वा दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून डोळे मिटून उभी होती. पुढची चिठ्ठी येईना.

बालवाडीत काही सांगितलं की शालनताई मनात दहा मोजायच्या. मुलांना तेवढा वेळ लागतोच. आताही त्यांनी मोजले.

नऊ म्हणताना पूर्वानं डोळे उघडले. कानांवरचे हेडफोन काढून तिनं ते शालनताईंसमोर धरले.

त्यांनी ते कानाला लावले. पावलं धावत होती, खूप पावलं. “आधी गॅस बंद करा!” कुणी बाई खोकत ओरडली. “आजोबांना बाहेर घ्या, श्वास चालू आहे!” आणि त्या गलक्यात, अगदी जवळून, एक बारीक दमलेला आवाज आला.

“कासवआजी, मी आता स्टुलावरून उतरू?”