सातवा नट

लेकीने आयुष्यातला पहिला मॅनिफोल्ड आखला होता. इंजिनचा धूर टर्बोपर्यंत नेणाऱ्या चार नळ्या, आणि चारही लांबीला तंतोतंत सारख्या. कॉम्प्युटरवर तिने तो इतका फिरवून फिरवून पाहिला, की बघणाऱ्याला चक्कर यावी. बाबांनी ड्रॉइंगबरहुकूम वेल्डिंग करून दिलं, हूं की चूं न करता. खरं तर तिथेच तिला शंका यायला हवी होती.

गाडीवर चढवताना सहा नट झरझर बसले. सातवा नेमका दोन नळ्यांच्या बेचक्यात. बोटांनी तो कसाबसा लागला, पण आवळायला पाना काही केल्या आत शिरेना. गाडीचा मालक चारला येणार होता आणि साडेतीन तर वाजून गेले होते.

"नळ्या बसतात का ते शंभरदा पाहिलं," ती रडकुंडीला आली, "पाना कुठून घालायचा तेच पाहायचं राहिलं!"

बाबांनी कपाटामागून एक पाना काढला. तापवून वाकवलेला, पार नागमोडी. तो अलगद आत सरकला आणि दोन मिनिटांत नट घट्ट.

ती उसळलीच. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! ड्रॉइंग पाहूनच हा करून ठेवलात ना?"

"छे गं. हा तुझ्या आजोबांचा. त्यांच्या पहिल्या मॅनिफोल्डचा."

तिचा राग कुठच्या कुठे पळाला. "आणि तुमचा?"

"माझा याहून वाकडा आहे," बाबा हात पुसत म्हणाले. "तो लागला असता, तर मात्र मला तुझी काळजी वाटली असती."