दाढीचा डबा

डॉक्टरीणबाईंनी मंदाकिनीचा रिपोर्ट दोनदा वाचला. "परमा आहे. शरीरसंबंधातून लागतो. आणि हे जंतू पाच औषधांना दाद देत नाहीत. गोळ्या अर्धवट सोडल्या की ते असे निर्ढावतात. तुम्ही सोडल्या होत्यात का?"

"मी डोकेदुखीचीसुद्धा गोळी घेत नाही."

"हिला पथ्य म्हणून ठाऊक नाही," शेजारी बसलेला नवरा म्हणाला. संस्कारांवर गावोगाव व्याख्यानं देतानाचा तोच सूर.

डॉक्टरीणबाईंनी पाचही औषधांची नावं वाचली. तिसऱ्या नावाला मंदाकिनीला नवऱ्याचा दाढीचा डबा आठवला. त्यात त्याच नावाच्या गोळ्यांच्या अर्ध्या संपलेल्या पट्ट्या असायच्या, पित्तावरच्या म्हणे. आणि पित्त खवळायचं ते नेमकं व्याख्यानांचा दौरा आटपून आल्यावर.

"डब्यातल्या त्या गोळ्या संपवल्या का नाहीत?" तिने त्याला विचारलं.

साबणाचा उरला तुकडाही नव्या वडीला चिकटवणारा तो माणूस काटकसरीच्या सवयीने खरं बोलून गेला. "दोन दिवसांत बरं वाटायचं. उरलेल्या पुढच्या वेळेला होतात."

"पुढच्या वेळेला," मंदाकिनी म्हणाली. मग नवऱ्याकडे पाठ करून तिने खुर्ची डॉक्टरीणबाईंसमोर ओढली. "माझं औषध तेवढं सांगा, बाई. यांचं पुढच्या वेळेला बघा."