किल्ली गाडीसोबत

टाकीतलं पेट्रोल उपसून झालं, बॅटरी सोडवून झाली, आरसे उतरवून झाले. तीन दिवस कार्गो ऑफिसचे खेटे घालून जीव मेटाकुटीला आला होता. "किल्ली गाडीसोबतच जाते," कारकून म्हणाला. मी सगळा जुडगाच त्याच्या हातावर टेकवला. त्याने तो हँडलला बांधला आणि पेटीवर शेवटची फळी ठोकली. तीन महिन्यांच्या प्रवासाला मोटरसायकल माझ्याआधी निघाली.

घराच्या दाराशी खिशात हात घातला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घराची किल्लीही त्याच जुडग्यात होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी स्वतःच्या दाराची बेल वाजवली.

"आले रे," आतून आई म्हणाली.

पलंग करकरला. काठी टेकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा काठी. खुर्ची सरकली. काहीतरी पडलं.

"आई, सावकाश!"

"आले, आले."

एवढ्याशा खोलीतून दारापर्यंत यायला तिला अकरा मिनिटं लागली.

लॅच उघडलं. चौकट धरून ती धापा टाकत उभी होती, पण हसत होती, शर्यत जिंकल्यासारखी.

"बघ, उघडलं की नाही दार? उगाच जिवाला घोर लावून घेतोस. तू खुशाल जा."

तिला पलंगावर बसवलं, पाणी दिलं आणि बाहेर येऊन कार्गो ऑफिसला फोन लावला.

"साहेब, विमान सुटलं का? गाडी परत न्यायची होती."