एकच हरकत

एडगर स्टॅनिफोर्थने दार अर्धंच उघडलं आणि ग्लेंडाच्या हातातल्या झाकलेल्या ताटाकडे पाहिलं.

"लाच आहे का ही?"

"भाजलेलं बीफ, बटाटे आणि रस्सा," ग्लेंडा म्हणाली. "आणि हो, लाचच आहे."

म्हातारा हसला नाही, पण दार त्याने पूर्ण उघडलं.

ग्लेंडा थॅक्रे ऑल्डरबी कॉमेट्स या स्पीडवे क्लबची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या शर्यती लढवणाऱ्या संघाची मालकीण होती. क्लब तिच्या वडिलांनी काढलेला. जुन्या स्टेडियमची जागा जमीनमालकाने गोदामांसाठी विकली आणि तेव्हापासून कॉमेट्स बेघर होते. 'घरच्या मैदानावरच्या' शर्यती दुसऱ्यांच्या गावात, भाड्याच्या ट्रॅकवर व्हायच्या. ऑल्डरबीची माणसं तेवढ्या लांब कशाला जातील? दर शर्यतीला डोकी कमी होत होती आणि भाडं वाढत होतं.

मग गावाबाहेरची वीटभट्टीची पडीक जमीन मिळायची चिन्हं दिसू लागली. कौन्सिलही राजी होतं. जवळपास घर एकच, एडगरचं. बाकीचे बंगले टेकडीपलीकडे. आणि हरकतही एकच होती, त्याचीच.

"ब्रेक नसलेल्या चार-चार मोटारसायकली एकदम भुंकणार," तो कौन्सिलच्या भर सभेत म्हणाला होता. "मला धड मरूही देणार नाहीत."

"किती वर्षं काढेल हा अजून?" घरी आल्यावर ग्लेंडाच्या नवऱ्याने, नॉरिसने विचारलं.

"आपलं नशीब बघता शंभरी गाठेल. त्यापेक्षा त्याला जेवायला घालू."

त्यानंतर सगळा क्लबच एडगरच्या मागे लागला. नॉरिसने छपराची पन्हळ दुरुस्त केली. संघातल्या पोरांनी कुंपण छाटलं. जेस्पर नावाचा डेन्मार्कचा कप्तान त्याच्याशी डॉमिनोजच्या ठोकळ्यांचा डाव खेळायचा आणि न चुकता हरायचा. रविवारचं जेवण ग्लेंडा घेऊन जायची. एडगरची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा ऑस्ट्रेलियात, नाताळला फोन करायचा. हळूहळू म्हातारा रविवारी दाढी करून बसायला लागला.

"माझी हरकत गेली की तुम्ही कोणी इकडे फिरकणार नाही," एकदा तो ताट पुसत म्हणाला.

"असं काय बोलता, एडगर? तुम्ही आता आमच्या घरचेच."

हे बोलताना ग्लेंडाला ते खरंच वाटलं होतं.

शरद ऋतूत एडगर कौन्सिलच्या सभेत काठी टेकत उभा राहिला. "येऊ द्या पोरांना," तो म्हणाला. सभागृहात टाळ्या पडल्या. ग्लेंडा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. परवानगी मिळाली ती एका मोसमाची, आणि एका अटीवर. शेजाऱ्यांपैकी कोणाचीही तक्रार आली, तर चौकशी होईपर्यंत शर्यती बंद.

ग्लेंडाने राहतं घर गहाण टाकलं. हिवाळाभर सगळे राबले. माती आली, कुंपण आलं, दिवे आले. पहिले एक-दोन रविवार तिने एडगरला फोन करून सांगितलं, "या आठवड्यात नाही जमत हो, पुढच्या वेळी नक्की." पुढे तेही राहून गेलं.

पहिल्या शर्यतीला अख्खं गाव लोटलं. मागचं चाक मातीत आडवं फेकत जेस्पर पहिला आला, तेव्हा नॉरिससारखा पोक्त माणूस लहान मुलासारखा ओरडला. एडगरही आला होता, टाय लावून. ग्लेंडा जाहिरातदारांच्या घोळक्यात होती; तिने लांबूनच हात हलवला. फाटकावर कोणी ओळखलं नाही म्हणून त्याने तिकीट काढलं, हे नॉरिसने नंतर सांगितलं.

"चला, एक गिऱ्हाईक वाढलं," ग्लेंडा म्हणाली आणि दोघं पोट धरून हसले.

मे महिन्यात कौन्सिलचा माणूस आला. तक्रार आली होती. कोणाची, ते सांगता येणार नव्हतं. चौकशीची तारीख थेट सप्टेंबरची, म्हणजे मोसम गेल्यात जमा.

"टेकडीपलीकडचे!" नॉरिस म्हणाला. "तो नवा मास्तर. पहिल्या दिवसापासून नाक मुरडतोय."

त्या आठवड्यात कोणीतरी मास्तरच्या दारावर इंजिनाचं काळं तेल ओतलं. त्याच्या मुलीला शाळेत कोणी शेजारी बसू देईना. ग्लेंडाच्या कानावर सगळं आलं. तिने कोणाला अडवलं नाही. जून संपायच्या आत मास्तरने घर विकायला काढलं.

पण तेवढ्याने क्लब सावरला नाही; शर्यती बंदच राहिल्या. जेस्पर दुसऱ्या संघाकडे गेला. बँकेने गहाण घरासाठी शेवटची मुदत दिली. तेवढ्यात कौन्सिलच्या माणसाने एक वाट सुचवली. सगळ्यात जवळचा रहिवासी स्वतः येऊन त्रास नाही म्हणाला, तर चौकशी लगेच लावता येईल.

सगळ्यात जवळचा म्हणजे एडगर. ग्लेंडाला हायसं वाटलं. रविवारी ती त्याच्या दारात उभी राहिली. हात रिकामे होते, याची तिलाच लाज वाटली.

"ये पोरी, ये," एडगर म्हणाला. त्याने स्वतः कोंबडी भाजली होती. तिला खुर्चीत बसवून त्याने ताट वाढलं. तिने सगळं सांगितलं, घराचं, बँकेचं, मास्तरचं.

"माझ्यासाठी एवढं कराल ना? एकदा बोललात की सुटलो आम्ही."

एडगरने तिच्या ताटात रस्सा ओतला, सावकाश, कडेने.

"नॉरिस नाही आला?"

"येईल ना. पुढच्या रविवारी नक्की. सगळेच येऊ."

"ते तर येणारच," एडगर म्हणाला. "मागच्या वेळी मी हरकत फार लवकर मागे घेतली, पोरी. या वेळची तक्रार मागे घ्यायला तशी घाई नाही करणार. बटाटे घे अजून."